ढिगाला पाणी कोण घालतंय?

रविवार, ३१ ऑगस्ट २०२५

गुरुनाथ म्हणाला, "माझ्यावर ओरडू नकोस, वहीत ओरड." म्हणून ही वही. नवऱ्याला बायकोचा आवाज नकोसा झाला की असे उदात्त उपाय सुचतात.

काल मंडळाचा गणपती. रूट ४६ जवळचा आमचा हॉल खच्चून भरला होता, सगळ्या न्यू जर्सीतून माणसं आली होती. आरती, अथर्वशीर्ष, ढोल, सगळं झोकात. आणि जेवणं झाल्यावर काय? काळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या! मसालेभात, अर्धवट खाल्लेल्या पुऱ्या, केळीची पानं आणि त्यातच बाप्पाचे हार आणि दूर्वा. पायाखाली एक फूल आलं तर ते उचलून कपाळाला लावणारी ही माणसं. पण तेच फूल उष्ट्या श्रीखंडात बुडवून डम्पस्टरमध्ये फेकताना कुणाचा हात थरथरला नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जेवढ्या पिशव्या ओढता आल्या तेवढ्या बाहेर ओढल्या, पैठणी नेसून.

अध्यक्ष प्रताप धावत आला. नागपूरचा, जर्सी सिटीत बँकेत मॅनेजर, प्रत्येक वाक्यात यार. "शैलजाताई, यार, लोक बघताहेत. इथे सगळं ट्रॅशमध्येच जातं. वुई कान्ट चेंज द सिस्टिम."

मी म्हटलं, "सिस्टिम नको बदलू, पिशवी तरी बदल."

अठ्ठावीस वर्षं पार्सिपनीत काढली. त्यातली बावीस एका शाम्पूच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला. गेल्या वर्षी निवृत्त झाले. कुजण्याचं रसायनशास्त्र मला कळतं आणि माझ्याकडे वेळ आहे. आता बघतेच.

रविवार, ७ सप्टेंबर

मिळाली परवानगी, खताच्या ढिगाला! हॉलच्या मागच्या कोपऱ्यात, कुंपणालगत. टाउनशिपने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, दिवाळीपर्यंत तात्पुरती दिली आहे. तयार झालेलं खत लायब्ररीमागच्या सार्वजनिक भाजीच्या वाफ्यांना जाणार. तिथली भाजी फूड पँट्रीत जाते, गरजू कुटुंबांच्या घरी. म्हणजे बाप्पाची फुलं कुणाच्या तरी ताटात टोमॅटो होऊन येणार. एक अट आहे. वासाची तक्रार आली तर एक नोटीस, आणि तरी सुधारणा झाली नाही तर ढीग उचलून कचरा डेपोत. प्रतापला ती जागा दिवाळीच्या पार्किंगला हवीच आहे. त्याने मीटिंगमध्ये लगेच विचारलं, "आणि ताई, फेल झालं तर?" फेल म्हणे!

आज सगळ्यांना घरच्या गणपतीचं निर्माल्य आणायला सांगितलं होतं. आणलं. कशात? गाठ मारलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत! आत मखराचं थर्मोकोल, प्लॅस्टिकच्या झेंडूच्या माळा, एक अख्खा नारळ शेंडीसकट. मी सगळ्यांसमोर ओरडले. त्यात ढिगाचं शास्त्रही सांगून टाकलं, "एक थर सुक्या पानांचा, एक फुलांचा, आणि ढीग ओलसर राहिला पाहिजे! सुकला की काम थांबलं!" किती जणांच्या डोक्यात शिरलं देव जाणे.

आक्का, म्हणजे गुरुनाथची मोठी बहीण, एका खुर्चीवर बसून हारांतला नायलॉनचा दोरा सोडवत होत्या. दीड वर्षापूर्वी त्यांचे यजमान गेले, मुलंबाळं नाहीत, म्हणून जूनमध्ये गुरुनाथने त्यांना कऱ्हाडहून सहा महिन्यांसाठी आणलं. दुपार झाली तरी त्या उठल्या नाहीत. मंडळातल्या राजेशची आई, ऋषीचे बाबा, प्रतापची आई, असे मुलांकडे आलेले आणखी चारपाच जण हळूहळू त्यांच्याभोवती खुर्च्या ओढून बसले. त्यांच्या गप्पांनी माझं लक्ष विचलित होत होतं. मी त्यांना जरा हळू बोलायला सांगितलं.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

ढीग तापला! लांब दांड्याचा थर्मामीटर खुपसला तर एकशे चाळीस फॅरनहाइट. फावड्याने उकरलं तर आतून वाफ आली. गुरुनाथला फोन करून सांगितलं, तर तो म्हणाला, "अभिनंदन, मीटिंगमध्ये आहे."

घरातही एक बरं झालंय. आक्का रोज सकाळी तांब्या घेऊन हॉलमधल्या कायमच्या गणपतीच्या दर्शनाला जायला लागल्या आहेत. दहा मिनिटांचं तर चालणं. इतके दिवस सकाळपासून माझ्या मागे मागे असायच्या. मी लॅपटॉप उघडला की शेजारी येऊन बसणार. "काय वाचतेस गं?" खताबद्दल, आक्का. "काय लिहिलंय?" आता ते थांबलं. एक व्याप कमी झाला.

गुरुवार, १८ सप्टेंबर

ढीग गार पडला आहे.

पाऊस नाही. थर्मामीटर ऐंशीच्या वर चढेना. मूठभर उचलून पिळलं तर मनगटापर्यंत ओघळ आला, खरं तर एखाददुसरा थेंब पडायला हवा. आणि वास! साचलेल्या गटारासारखा. पाणी जास्त झालं की हवा कोंडते, हवा कोंडली की सडतं. पण पाणी आलं कुठून?

सगळं उलथंपालथं केलं, सुकी पानं घातली. पाठ मोडली. घरी आले तर पायपुसण्यावर चिखल. आक्कांची चप्पल. म्हटलं, "आक्का, बाहेर झटकून या की जरा." त्या "हो गं" म्हणाल्या आणि मग हळूच विचारलं, "पितृपंधरवडा चाललाय. यांच्या नावाने एक दिवस खीर करू या का? कावळ्याला पान ठेवू." मी म्हटलं संध्याकाळी बघू. संध्याकाळी मी ढिगाचं गणित मांडत बसले आणि राहूनच गेलं. उद्या करू.

मंगळवार, २३ सप्टेंबर

नोटीस आली.

कुंपणापलीकडच्या मिसेस नोव्हाक यांनी तक्रार केली. आंबट वास येतो आणि रात्री कचरा उकरणारे रॅकून येतात. आरोग्य खात्याचा इन्स्पेक्टर, मिस्टर डोलन, सज्जन वाटला. ढिगाकडे बघून म्हणाला, "मॅम, धिस इज सूप." शुक्रवारी, दहा ऑक्टोबरला, परत येणार. तोवर सुधारलं नाही तर ट्रक.

सूप! माझ्या ढिगाला! बावीस वर्षं मी लोकांच्या बॅचेस रिजेक्ट केल्या. आज एका गोऱ्या पोराने माझी केली.

आणि ऐका. ढिगाच्या लाकडी चौकटीवर दुधासारखा पांढरा ओघळ होता आणि एका फळीवर हळदकुंकवाची बोटं. ही चेष्टा चालली आहे माझी! प्रतापशिवाय हा चावटपणा कुणाला सुचणार? "ताईंचं नवीन देवस्थान" असं तो मागे म्हणालाच होता ग्रुपवर, हसण्याच्या तीन चेहऱ्यांसकट.

रविवार, २८ सप्टेंबर

काल ढीग परत मोकळा केला, वूडचिप्स घातल्या, वरून ताडपत्री बांधली. आज ताडपत्री व्यवस्थित घडी करून बाजूला ठेवलेली आणि ढीग ओला! घडी करून! चोराची ही शिस्त बघा. हॉलच्या नळाखाली बादली पण पालथी घातलेली.

इलाचा फोन आला. इला आमची मुलगी, जर्सी सिटीला असते. मी अर्धा तास प्रतापबद्दल बोलले. ती म्हणाली, "मॉम, इट्स अ कंपोस्ट पाइल. व्हाय आर यू सो अँग्री?"

मला राग का येतो? सांगते. या देशात वस्तू डोळ्याआड झाली की ती संपली असं समजतात आणि आपली माणसं तेवढं मात्र झटकन शिकली. बुधवारी सकाळी ट्रक येतो, डबा रिकामा होतो, विषय संपला. कुठे गेलं, काय झालं, कुणी विचारायचं नाही. ते मला सहन होत नाही. जे कामाचं आहे ते नुसतं बाजूला टाकून दिलेलं मला बघवत नाही, कधीच बघवलं नाही.

इला म्हणाली, "ओके, ओके. हाऊ इज आक्काआत्या?" मी म्हटलं, बऱ्या आहेत, असतात आपल्या त्यांच्या खोलीत.

गुरुनाथला सांगितलं, कॅमेरा लाव. त्याच्या ऑफिसमधल्या एकाकडे हरणांचे फोटो आणि व्हिडिओ काढणारा कॅमेरा आहे. तर म्हणतो, "राहू दे ना शैलजा. कशाला?" कशाला! घरचा माणूस असा. चार वेळा सांगितल्यावर आणतो म्हणाला.

सोमवार, ६ ऑक्टोबर

कोजागरी. हॉलमध्ये मसाला दूध. माझा तोल गेला, आणि गेला तर गेला.

प्रताप माइक घेऊन दिवाळीच्या पार्किंगचं सांगत होता. "होपफुली मागचा कोपरा पण फ्री होईल." मी उभी राहिले. म्हटलं, "होईलच! रोज सकाळी बादलीने पाणी ओतून ढीग सडवतोयस ना तू! समोरून बोलायची हिंमत नाही म्हणून मागून चिखल करतोस. वर हळदकुंकू वाहून थट्टा!"

प्रताप लालबुंद. मला वाटलं उसळेल. पण त्याने तोंड उघडलं, त्याच्या आईकडे पाहिलं आणि मिटलं. "ताई, आय अॅम सॉरी इफ यू फील दॅट वे," एवढंच म्हणाला. कबुलीच की ही! ज्येष्ठांच्या रांगेत सगळे दुधाच्या पेल्यात बघत होते. आक्का उठून बाहेर गेल्या, त्यांना बहुतेक दूध बाधलं.

गाडीत बसल्या बसल्या गुरुनाथने रेडिओ मोठा केला. भित्रा आहे.

बुधवार, ८ ऑक्टोबर

कॅमेरा काल मीच झाडाला बांधला. आज दुपारी घरी कार्ड लॅपटॉपला लावलं.

सकाळी साडेसातला फ्रेममध्ये प्रतापची गाडी. मी खुर्चीत सावरून बसले. म्हटलं सापडला! गाडीतून त्याची आई उतरली. गाडी निघून गेली. मग राजेशच्या आई आल्या, हातात वाटी. ऋषीचे बाबा कानटोपी घालून. आणखी तिघं. आणि सगळ्यांच्या पुढे तांब्या घेऊन आमच्या आक्का.

दोघांनी ताडपत्री काढली, टोकाला टोक जुळवून घडी केली. बादली भरली. एकेकाने तांब्याने ढिगावर पाणी घातलं, हात जोडले. वाटीतलं दूध घातलं. प्रदक्षिणा घातली! माझ्या ढिगाला प्रदक्षिणा! मग कुंपणालगतच्या बाकावर बसले आणि तासभर बोलत होते. आवाज नव्हता, पण आक्का मांडीवर हात मारून हसत होत्या. त्यांना असं हसताना मी पाहिलेलं नाही.

मी लॅपटॉप आपटून बंद केला. नासवला! महिनाभराची मेहनत भक्तिभावाने नासवली!

गुरुवार, ९ ऑक्टोबर

सकाळी सातलाच जाऊन बाकावर बसले. आले एकेक जण, मला बघून कुंपणाशी थबकले. मी जे बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. खत हवंय मला, देऊळ नको, हे म्हटलं. शिकलेली माणसं ना तुम्ही, हेही म्हटलं.

प्रतापच्या आई म्हणाल्या, "आम्ही काही वाईट नाही करून राहिलो, बाई. तुम्हीच म्हणाल्या होत्या, ओलसर ठेवा म्हणून."

"ओलसर! पोहायचा तलाव नाही!"

आक्का पुढे आल्या. तांब्या खाली ठेवून म्हणाल्या, "मला काय कळत नाही होय गं? वाळल्या फुलाला पाणी घालून ते परत उमलत नाही. माझा जन्म शेतामळ्यात गेलाय. पण हातात तांब्या असला की घरातून बाहेर पडायला कारण मिळतं. नुसतं बाहेर पडायला लागले तर तूच विचारशील, कुठे निघालात? यांचीही तीच गत. मुलं कामाला गेली की दार लावून संध्याकाळची वाट बघायची. इथे आलं की माणसं भेटतात. आमच्या ह्यांच्या फोटोचा हार पण ह्यातच आहे. खीर करायची राहिली, म्हणून दूध घातलं."

मी म्हटलं, "मग मला सांगायचं!"

"सांगितलं की. तू संध्याकाळी बघू म्हणालीस."

सगळे निघून गेले. मी तिथेच फावडं घेऊन ढीग उपसायला लागले. एका दिवसात सूप सुकत नाही हे मला माहीत होतं, तरी उपसत राहिले.

घरी येऊन गुरुनाथला जाब विचारला. त्याला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं! "आक्का बरी दिसायला लागली होती गं," म्हणाला. संध्याकाळी प्रतापला फोन केला. त्यालाही माहीत होतं, तोच आईला ट्रेनला जाता जाता सोडायचा. मी म्हटलं, अरे मग सोमवारी सगळ्यांसमोर गप्प का बसलास? तर म्हणाला, "ताई, आई मे महिन्यात आली. सप्टेंबरपर्यंत रोज विचारायची, माझं तिकीट कधीचं आहे. आता विचारत नाही, यार. आय वॉज लाइक, तुम्ही मला शिव्या द्या, चालेल."

म्हणजे सगळ्या गावाला ठाऊक आणि मी एकटीच मूर्ख. ज्या माणसावर राग काढायचा तो असा निघाला तर राग ठेवायचा कुठे?

शुक्रवार, १० ऑक्टोबर

डोलन आला. नाकाला रुमाल लावून मान हलवली. मंगळवारी ट्रक येणार. "व्हॉट हॅपन्ड हिअर, मॅम?" त्याने विचारलं. खरं सांगितलं असतं तर मुदत मिळालीही असती कदाचित. पण त्या सात जणांची नावं कागदावर द्यावी लागली असती. मी म्हटलं, "माय मिस्टेक. टू मच वॉटर."

आक्का आज बाहेर पडल्या नाहीत. खोलीचं दार लोटलेलं.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

ट्रक आला, यांत्रिक पंजाने ढीग उचलला आणि काळ्या पिशव्या, फुटका सोफा, कुणाचा तरी पिझ्झा यांच्यावर ओतला. बाप्पाचे हार. पँट्रीच्या टोमॅटोंचं खत. आक्कांच्या यजमानांचा हार. मी रस्त्यावर उभी राहून ड्रायव्हरवर ओरडले. तो हेडफोन लावून होता. मग रडले, रागाने.

घरी आले तर गुरुनाथ फोनवर एअरलाइनशी बोलत होता. आक्कांना तिकीट अलीकडचं करून हवंय. डिसेंबरपर्यंत थांबायचं नाही म्हणाल्या. "शैलजाला माझा ताप होतो," असं म्हणाल्या म्हणे.

मी म्हटलं, जाऊ दे. जायचं असेल तर जाऊ दे.

मग जेवले नाही.

बुधवार, १५ ऑक्टोबर

पहाटे उठून मागच्या अंगणात गेले. लाकडी पॅलेट्सची चौकट ठोकली. गुरुनाथ खिडकीतून म्हणाला, "अगं शेजारी झोपलेत." झोपू देत. स्वतःच्या अंगणात खत करायला टाउनशिपला विचारावं लागत नाही. खाली काड्या, वर सुकी पानं, त्यावर आपल्या घटाची आणि दसऱ्याची फुलं.

मग आक्कांच्या खोलीचं दार ढकललं. बॅग उघडी होती, साड्या पलंगावर. मला हळू बोलायचं होतं, पण तसं झालं नाही. म्हटलं, "ते तिकीट राहू द्या. हारांतले दोरे कोण सोडवणार? मला एकटीला होत नाही. सगळ्यांना इथे बोलवा, रोज सकाळी. निर्माल्य घेऊन या म्हणावं. दूध नाही. पाणी मी सांगेन तेव्हा, मी सांगेन तेवढं."

आक्का साडीची घडी हातात धरून बघत राहिल्या. "आणि बोललो तर चालेल का मोठ्याने?"

त्या दिवशी हॉलच्या मागे मी हळू बोला म्हटलं होतं ते यांनी महिनाभर मनात ठेवलं होतं. "तुमचं तुम्ही बघा," म्हटलं आणि बाहेर आले.

शनिवार, १८ ऑक्टोबर

आले. सगळे आले. प्रतापने गाडी भरून आणून सोडले. उतरून "सॉरी ताई" म्हणाला. मी म्हटलं, "सॉरी मी म्हणायचं आहे, तू कशाला म्हणतोस? आणि पार्किंगमधली फुलं तुडवू नकोस दिवाळीत, टोपली ठेव." झाली माफी मागून.

अंगणात खुर्च्या टाकल्या. वसुबारसेच्या पूजेची फुलं आली होती. सगळे हार मांडीवर घेऊन बसले आणि कुणीही तोंड उघडेना. ऋषीच्या बाबांना ठसका आला तर तोही त्यांनी रुमालात दाबला. माझ्याकडे बघत होते सगळे. मला असा संताप आला! म्हातारी माणसं माझ्या अंगणात मला घाबरून बसली आहेत!

"अहो बोला की!" मी म्हटलं. जरा जास्तच जोरात म्हटलं असेन. राजेशच्या आईच्या हातातला हार पडला.

मी आत आले, चहाचं आधण ठेवलं. खिडकी उघडीच होती. आक्कांचा आवाज ऐकू आला, "घाबरू नका हो. बोलते अशी. पण मनाने चांगली आहे, आणि चहा तर फार चांगला करते."

तीस वर्षांच्या संसारात माझ्या नणंदेने माझ्या चहाला चांगलं म्हटलेलं मी आज पहिल्यांदा ऐकलं. तेही मला नाही, दुसऱ्यांना सांगितलं.

बाहेर कुणीतरी हसलं. मग सगळेच बोलायला लागले, एकदम, मोठमोठ्याने, इतके की आतून साखर किती हे विचारायला मलाच ओरडावं लागलं.